हरतालिकेच्या दिवशीची शेव

सिल्वासाच्या शेवेच्या म्युझियममध्ये माझा फोटो होता. आता नाही. जिथे होता तिथे भिंतीवर चार खिळ्यांची भोकं आहेत आणि ती बुजवायची तसदी अजून कुणी घेतलेली नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याला वाटायला नको की माझ्यावर काही अन्याय झाला म्हणून हा म्हातारा रडगाणं गातोय. तो फोटो उतरवायची वेळ मीच आणली. पुन्हा लावला तर पुन्हा आणीन.

मी सोनवणे. मूळचा शिरपूरकडचा. सिल्वासाजवळच्या खडोलीच्या कारखान्यात तेलापुढे उभं राहण्यात माझं आयुष्य गेलं. आधी कढईवर, मग मोठ्या फ्रायरवर, शेवटी फ्रायिंगचा इनचार्ज म्हणून. आमचे शेठ गुजराती. त्यांनी एका पत्र्याच्या शेडमध्ये दोन कढया मांडून धंदा सुरू केला. आता त्याच कंपनीचं पाकीट देशात कुठेही, अगदी डोंगरातल्या चहाच्या टपरीवरही टांगलेलं दिसतं. पाकिटावर लाल पट्टा असतो. नाव मी लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील.

शेवेत एवढं काय असतं, असं मला नातेवाईक नेहमी विचारतात. बेसन, मीठ, ओवा, तेल. घरोघरी सोऱ्यातून पडते. खरं आहे. पण घरी एकदा शेव तुटकी झाली तर सासूबाई दोन शब्द बोलतात आणि विषय संपतो. कारखान्यात रोज तीच शेव, तेवढीच जाड, तेवढीच खुसखुशीत यावी लागते. बेसन दर गाडीला वेगळं असतं. हवा वेगळी असते. पावसाळ्यात पीठ पाणी कमी मागतं, एप्रिलमध्ये जास्त. मोहनाचं तेल थोडं जास्त झालं की शेव हातात भुगा होते, कमी झालं की दाताला लागते. आणि तेल तापलंय की नाही हे आमच्या शेडमध्ये काट्यावर कळत नसे, कारण काटा पहिल्याच वर्षी बिघडला होता. कळायचं आवाजावर. पीठ पडल्यावर आधी जाड आवाज येतो. पिठातलं पाणी उडत गेलं की तो बारीक होत जातो. बारीक झाला की झारा घालायचा. हे मला कुणी शिकवलं नाही, दोन महिने शेव करपवून मी शिकलो.

आता मुख्य गोष्ट, कारण सगळा घोटाळा तिच्यावरून झाला. तेलावर उभा राहणारा माणूस चव घेऊ शकत नाही. कढईची वाफ, त्यात उडणारी मिरची, आणि दिवसभर नाकातोंडात तेच. तासाभरात जीभ मरते. तुम्ही मीठ खा नाहीतर साखर, तोंडात फक्त काहीतरी गरम आहे एवढंच कळतं. म्हणून आमच्याकडे पद्धत होती. रोजचा पहिला घाणा पॅक करायचा नाही. तळलेली शेव फिरत्या लोखंडी ढोलात घालून तिच्यावर मसाला फिरवायचा, आणि मग पॅकिंगमधल्या एका बाईने ती चाखायची. तिने हो म्हटलं तर पुढचं काम. मसालाही आदल्या पाळीचा माणूस एका मोठ्या पातेल्यात दिवसभराचा कालवून ठेवत असे, त्यामुळे पहिल्या घाण्याला चूक सापडली तर ती दुरुस्त करता यायची. आमचे पुरुष सगळे तंबाखूवाले. म्हणून हे काम बायकांचं. पॅकिंगमध्ये शोभाताई होत्या, धुळ्याच्या, त्यांची जीभ चांगली. त्यांची एकादशी असली की दुसरी कुणीतरी चाखायची.

तर हरतालिकेचा दिवस होता. सकाळची पाळी. पॅकिंगच्या टेबलावर ज्या बाया होत्या, त्यांतल्या आमच्या खानदेशी बायांचा उपास, गुजराती बायांची केवडा त्रीज, बिहारच्या बायांची तीज. तीन मुलखांच्या बाया आणि सगळ्यांचा उपास एकाच दिवशी, तोही पाणीसुद्धा न पिता. हे कॅलेंडरवर लिहिलेलं होतं. मी ते कॅलेंडर रोज बघत होतो. पण उद्या कुणी चाखायचं, हा विचार माझ्या डोक्यात आदल्या दिवशी आला नाही, आणि सकाळी आला तेव्हा पहिला घाणा ढोलात फिरून तयार होता.

शोभाताई म्हणाल्या, ‘‘सोनवणेभाऊ, आज आमच्यापैकी कुणी तोंडाला काही लावणार नाही. तुम्हीच बघा.’’

मी चाखली. काहीच लागेना. मिरची नाही, आंबट नाही, मीठसुद्धा अंदाजाने. जीभ मेलेली आहे हे मला माहीत होतं, पण शेठ येऊन उभे राहिले होते, गाडी लागली होती आणि माझ्या मनाने घेतलं की रात्रीच्या माणसाने मसाल्यात मिरची आणि आमचूर टाकलेलंच नाही. तो माणूस तसा धांदरट होताच. मी पातेल्यात मिरचीचा आणखी एक डबा रिकामा केला. पुन्हा चाखली. तरी काही नाही. मग आमचूर घातला, मुठीने. काळं मीठ घातलं, मुठीने. थोडी साखरही घातली, का ते आजही सांगता येणार नाही. वजन केलं नाही. लिहिलं नाही. आणि सबंध पाळीची शेव त्या मसाल्यात फिरवली.

दुपारी चहाच्या वेळी एका ड्रायव्हरने बशीतली उरलेली शेव तोंडात टाकली आणि तो नळाकडे धावला. तेव्हा मला समजलं की मसाला आधीच पूर्ण होता आणि मी त्याच्यावर दुसरा मसाला चढवलाय.

शेठ मोठा भला माणूस, पण त्या दिवशी त्यांनी मला जे ऐकवलं ते दिवाळी अंकात छापता येणार नाही. पाकिटं भरली नाहीत. सगळा माल सुटा, पोत्यांमध्ये. टाकून द्यायचा जीव होईना. सिल्वासा केंद्रशासित प्रदेशात. गुजरातेत दारू नाही, इथे आहे, त्यामुळे रस्त्याला लागून बारच बार. शेठच्या ओळखीचा एक बारवाला होता, सिल्वासातल्याच आमली भागातला. त्याने ती पोती उचलली आणि टेबलाटेबलावर चखणा म्हणून वाट्यांतून ठेवली.

आठ दिवसांत पोती संपली आणि तो बारवाला स्वतः शेडमध्ये आला. मागून आणखी दोघे बारवाले आले. शेठ माझ्यापाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, ‘‘सोनवणेभाई, एवी ज सेव जोईए. बीजी नहीं.’’

तशीच हवी, दुसरी नाही. मी मान हलवली. पण तशीच कशी करणार? मी मुठीने घातलेलं, आणि माझी मूठ त्या दिवशी शुद्धीवर नव्हती. दोन दिवस मी मसाले कालवत बसलो. शोभाताईंनी त्या दिवशीची शेव चाखलीच नव्हती, त्या काय सांगणार? बारवाल्याला नमुना पाठवला की तो म्हणायचा, तिखट आहे, पण ती नाही.

इथे सुकरीबाई येते. जवळच्या खेरडीची वारली बाई. आमच्या शेडच्या मागे नळापाशी बसून जाळ्या, ढोल, पातेली घासायची. तिला आम्ही धुण्याची बाई म्हणायचो. पॅकिंगमध्ये तिला येऊ देत नसत, कारण तिचे हात ओले. जमिनीवर सांडलेली शेव ती झाडून एका फडक्यात बांधून घरी न्यायची, त्याला कुणाची हरकत नव्हती. हरतालिकेच्या दिवशी खूप सांडली होती. तिच्या पाड्यावर सगळ्यांनी ती खाल्ली होती.

तिसऱ्या दिवशी ढोल धुता धुता तिने बोटाला लागलेला मसाला चाटला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, ‘‘ही ती नाय.’’

मी म्हणालो, ‘‘तुला काय कळतं त्यातलं?’’

हे वाक्य मी जसंच्या तसं लिहितोय. सौम्य करून लिहिता आलं असतं. पण ज्याच्यासाठी लिहायला बसलोय ते हेच वाक्य आहे.

तिला राग आला असेल तर तिने दाखवला नाही. ती सगळ्यांना तू म्हणते, शेठलासुद्धा. मला म्हणाली, ‘‘तू मिरची मिरची करतोस. त्यात आंबट होता. आंबटाच्या मागून काळा मीठ यायचा. मग गोड, थोडासा. तिखट त्याच्या मागून.’’

मी तिला आत बोलावलं. ती हात पुसून आली. पुढचे तीन दिवस मी एकेक चमचा वजन करून घालत होतो आणि ती चाखत होती. ती शेव चावायची नाही. जिभेवर ठेवून वर पत्र्याकडे बघत बसायची. मध्ये दोन कुरमुरे खायची, कोमट पाण्याने चूळ भरायची, पुन्हा बघायची. ‘‘आंबट लवकर येतो’’ म्हणायची. ‘‘मीठ मागं राहिला’’ म्हणायची. तिसऱ्या दिवशी दुपारी तिने शेव जिभेवर ठेवली, वर पत्र्याकडे पाहिलं आणि ती उठून आपल्या नळावर निघून गेली. जाताना म्हणाली, ‘‘जाऊ दे आता.’’ म्हणजे पास. मी वजनं मसाल्याच्या कार्डावर लिहिली. कार्डाच्या खाली सहीची जागा असते. तिथे मी माझं नाव लिहिलं.

तुम्ही म्हणाल, का? मला नवी नवी खोली मिळाली होती आमलीत, बायको गावाहून यायची होती, शेठच्या मनातून मी उतरलो होतो आणि परत चढायची एवढीच संधी होती. ही कारणं खरी आहेत. पण आणखी एक कारण आहे, आणि तेच मोठं. धुण्याच्या बाईचं नाव कार्डावर लिहायचं असतं, हे मला तेव्हा सुचलंसुद्धा नाही.

दसऱ्याला मशिनांची पूजा झाली तेव्हा शेठनी मला ढाल दिली. तो फोटो काढला गेला. माझ्या गळ्यात हार, हातात ढाल आणि मागे ढोल. फोटोच्या डाव्या कडेला एक ओला पदर दिसतो, एवढाच.

सुकरीबाईला चाखण्याच्या टेबलावर बसवलं, एवढा न्याय मात्र केला. तिथे ती बरीच वर्षं होती. तिच्या जिभेच्या किती गोष्टी सांगू. एकदा नाशिकहून एक गृहस्थ पाकीट घेऊन थेट गेटवर आले. निवृत्त हेडमास्तर. आवाज असा की फ्रायरचा आवाज कमी वाटावा. त्यांचं म्हणणं, तुमची शेव बिघडली, माझी बायको गेली चार वर्षं रोज संध्याकाळी हीच खाते आणि काल तिने वाटी सरकवून दिली. मॅनेजर त्यांना समजावत होते. मी ती शेव सुकरीबाईपुढे ठेवली. तिने एक काडी जिभेवर ठेवली आणि लगेच थुंकली.

‘‘ही आपली नाय. वाटाण्याचा पीठ आहे.’’

हेडमास्तर तिच्यावर उखडले, पाकिटावर तुमचंच नाव आहे म्हणाले. मग आम्ही ते पाकीट आणि आमचं पाकीट शेजारी शेजारी ठेवलं. त्यांच्या पाकिटावरचा लाल पट्टा अर्धा सूत जास्त रुंद होता. कुणीतरी हुबेहूब पाकिटं छापून नकली माल विकत होता आणि कंपनीला पत्ता नव्हता. हेडमास्तर ओशाळले. त्यांनी सुकरीबाईला नमस्कार केला आणि विचारलं, आपलं शिक्षण किती? ती म्हणाली, ‘‘शाळा लांब होती.’’ त्यांनी मान खाली घातली आणि चहा घेऊन गेले.

नवा प्लांट आला तेव्हा प्रयोगशाळा आली. पुण्याचे साहेब आले, मीठ मोजायचं यंत्र आलं, चव घ्यायला दहा शिकलेल्या लोकांचं पॅनेल बसलं. वाईट नव्हतं ते. यंत्राला सर्दी होत नाही. पण सुकरीबाई कधी कायम झालेलीच नव्हती, सगळी वर्षं कंत्राटदाराच्या यादीतली हेल्पर. तिचा गेटपास बंद करण्याचा कागद आला तेव्हा त्यावर विभागप्रमुखाची सही लागत होती. विभागप्रमुख म्हणजे फ्रायिंगचा इनचार्ज, म्हणजे मीच. मी सही केली. पुढे मीही निवृत्त झालो. निरोप समारंभ, शाल, नारळ, घड्याळ, सगळं यथासांग झालं.

मग गेल्या वर्षी कंपनीतून फोन आला. आता धाकट्या शेठांचा कारभार आहे. खडोलीच्या जुन्या शेडचं त्यांनी म्युझियम केलं होतं आणि त्यात एक फिल्म दाखवायची होती, जुन्या माणसाच्या तोंडून. जुना माणूस म्हणजे मी.

म्युझियम बघून पहिल्यांदा मला हसूच आलं. दारात शेवेचं एवढं मोठं वेटोळं, फायबरचं, पिवळंधमक. त्यात शिरून लोक फोटो काढतात. आत काचेच्या पेटीत आमची जुनी कढई. घासून घासून अशी लख्ख केली आहे की तिच्यात कधी कुणी तळलं असेल असं वाटणार नाही. तिच्याजवळ तळणाऱ्या माणसाचा पुतळा. पांढरंशुभ्र धोतर, पिळदार मिशा, हातात झारा. आम्ही अर्ध्या चड्डीवर ओलं पोतं गुंडाळून उभे राहायचो. स्पीकरमधून तळण्याचा आवाज येतो. दोन मिनिटं उभा राहून ऐकला. तेल गार होतं. त्या आवाजात शेव तळली तर ती तेल पिऊन बसेल, पण हे कुणाला सांगणार?

मग मुख्य भिंत. तिथे सुंदर अक्षरात लिहिलंय की मोठ्या शेठांच्या मातोश्री कुळदेवीच्या नैवेद्यासाठी जी शेव करत, तिचाच हा मसाला, पिढ्यान् पिढ्या जपलेला. मातोश्रींना, म्हणजे आमच्या बांना, मी पाहिलेलं होतं. देवमाणूस. त्यांना मिरचीचा ठसकासुद्धा सोसत नसे. आणि त्या मजकुराखाली माझा ढाल घेतलेला फोटो. ‘या वारशाचे निष्ठावान जतनकर्ते.’

फिल्मचं काम बघणाऱ्या श्रुती मॅडम पुण्याच्या. वयाने माझ्या सुनेएवढ्या, बोलायला गोड. मला खुर्चीत बसवलं, कॉलरला माइक लावला आणि म्हणाल्या, ‘‘काका, तुम्ही फक्त एवढंच सांगायचं की बांनी तुम्हाला समोर बसवून हा मसाला शिकवला.’’

मी म्हणालो, ‘‘बांनी मला एकदा ताक दिलं होतं. मसाला नाही शिकवला.’’

‘‘ही स्टोरी आहे, काका. स्टोरी म्हणजे खोटं नव्हे.’’

‘‘मग खरी स्टोरी सांगतो, चालू करा तुमचा कॅमेरा.’’

आणि मी सांगितली. हरतालिका, मुठीने घातलेला आमचूर, बार, सुकरीबाई, कार्डावरची माझी सही. सलग. श्रुती मॅडमनी मध्येच हात करून कॅमेरा थांबवायला लावला.  त्या वाईट नाहीत. त्यांच्यावर वरून दडपण होतं हे मला कळत होतं.

‘‘काका, शाळांच्या सहली येणार आहेत. बारची गोष्ट मुलांना कशी सांगायची? आणि त्या बाईंचं म्हणाल तर, एक कोपरा आहे आपला महिलांचा. तिथे ‘एका आदिवासी भगिनीचा हातभार’ असं टाकू शकते मी.’’

‘‘तिला नाव आहे.’’

‘‘मजकूर मंजूर होऊन आलाय. नाव आता नाही टाकता येणार.’’

‘‘मग माझंही काढा.’’

‘‘तुमचं कशाला? तुमचा तर सत्कार आहे उद्घाटनाला.’’

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिला हे सगळं पहिल्यांदाच कळत होतं. ढाल आमच्याकडे शोकेसमध्ये होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ती कौतुकाने दाखवत आली होती. तिने निवडलेली भाजी बाजूला सरकवली. मग म्हणाली, ‘‘इतला वरीस गप बसनात. आते बोला.’’ आणि उठून शोकेसमधली ढाल काढून माळ्यावर टाकली.

मी खेरडीला गेलो. सुकरीबाईचं घर रस्त्यापासून आत, बांधावरून चालत जावं लागतं. ती अंगणात सूप घेऊन बसली होती. म्हातारी झाली आहे, पण पाठ ताठ. मी तिला म्युझियमचं सांगितलं. मी काय केलं होतं तेही सांगितलं, कार्डावरच्या सहीचं, गेटपासवरच्या सहीचं. ती पाखडत राहिली.

‘‘ते माला माहीत आहे,’’ ती म्हणाली. ‘‘फोटो काढला तवा मी तठंच होती.’’

‘‘उद्घाटनाला चला. तुमच्यासमोर सांगतो सगळ्यांना.’’

‘‘भात पाखडायचा आहे,’’ ती म्हणाली. पण मी निघालो तेव्हा सुनेला सांगून मला चहा दिला.

उद्घाटनाला मंडप होता, पाहुणे होते, धाकटे शेठ होते. मला शाल घातली आणि दोन शब्द बोला म्हणाले. मी शाल काढून खुर्चीवर ठेवली आणि म्हणालो की भिंतीवर जे लिहिलंय ते खरं नाही. हा मसाला माझ्या चुकीतून झाला आणि खेरडीच्या सुकरीबाईने तो जिभेवर धरून परत आणला. तिचं नाव लागेपर्यंत माझा फोटो इथे शोभत नाही. एवढं झालं आणि माइक बंद पडला. मला खात्री आहे, तो पडला नव्हता, पाडला होता. मी आवाज चढवला. तेलाच्या आवाजावर बोलायची सवय असलेल्या माणसाला माइक लागत नाही. मागच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं.

पुढच्या आठवड्यात माझा फोटो उतरला. मातोश्रींचा मजकूर तसाच. सुकरीबाईचं नाव नाही. ओळखीच्या लोकांनी समजूत घातली की झालं तेवढं पुरे, कंपनीशी वैर कशाला, आपण त्यांचं मीठ खाल्लंय. मी म्हणालो, मीठ बरोबर आहे की नाही ते सांगणारी ती होती.

तेव्हापासून दर रविवारी मी तिकीट काढून म्युझियममध्ये जातो. रीतसर रांगेत उभा राहतो. मुख्य भिंतीपाशी जाऊन थांबतो आणि जो कोणी मजकूर वाचायला येईल त्याला खरी गोष्ट सांगतो. पहिल्या रविवारी वॉचमन आला. मी तिकीट दाखवलं आणि म्हणालो, तिकीट घेतलेल्या माणसाने बोलू नये असं कुठे लिहिलंय ते दाखव. तो बिहारचा, त्याची बायको तीज करते. गोष्ट ऐकून तो हसला आणि दारात जाऊन उभा राहिला. श्रुती मॅडम दोनदा आल्या, लांबून बघून गेल्या. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा म्हणाल्या, ‘‘काका, निदान खुर्ची तरी घ्या.’’ मी खुर्ची घेतली नाही. लोकांना गोष्ट आवडते. कारखान्यातली मुलं आणि जळगावकडून आलेली कुटुंबं हसतात. मातोश्रींच्या मजकुरापाशी कुणी हसलेलं मी पाहिलेलं नाही.

भाताची कामं उरकल्यावर एका रविवारी सुकरीबाई आली. मी बोलत होतो, समोर पंधरावीस माणसं होती, त्यांच्या मागे ती कधी येऊन उभी राहिली मला कळलं नाही. सुनेबरोबर आली होती. तिकीट हातात धरलेलं. मी नेहमीप्रमाणे सांगत होतो की त्या दिवशी कारखान्यातल्या झाडून सगळ्या बायांचा उपास, चाखायला एकही जीभ नाही, म्हणून हा सगळा प्रकार घडला.

‘‘माला उपास नव्हता,’’ मागून आवाज आला.

सगळे वळले. मी तिचं नाव सांगितलं. लोकांनी तिला वाट करून दिली, पण ती जागची हलली नाही.

‘‘हरतालिका आमच्यात नाय करत. मी नळावर होती. सकाळी भाकर खाऊन आलेली.’’ ती माझ्याकडे बघून बोलत होती, रागाने नाही, एखाद्या पातेल्याचा तळ घासायचा राहिला हे दाखवावं तसं. ‘‘तू त्या सगळ्या बायांना पुसला. माला पुसलाच नाय.’’

आमच्या शेडपासून नळ वीस पावलांवर होता. इतकी वर्षं मी स्वतःची चूक म्हणजे मेलेली जीभ असं समजत होतो. मग म्युझियम झाल्यावर स्वतःची चूक म्हणजे कार्डावरची सही असं सांगत फिरत होतो, आणि खरं सांगायचं तर ते सांगताना मला जरा मोठंही वाटायचं. वीस पावलांचा हिशोब माझ्या गोष्टीत कधी आलाच नव्हता.  

एका बाईने तिला विचारलं, ‘‘आजी, तुम्हाला विचारलं असतं तर?’’

‘‘तर मी सांगितला असता, मसाला बरोबर आहे.’’ ती जरा हसली. ‘‘मग ही शेव झालीच नसती.’’

लोक हसले. मी नाही हसलो. मी तिच्यापाशी गेलो आणि जे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं ते विचारलं. ‘‘सुकरीबाई, मी तुमचं नाव भिंतीवर लावा म्हणून भांडतोय. तुम्हाला काय हवंय?’’

तिने मुख्य भिंतीकडे पाहिलं. तिला वाचता येत नाही. मग समोरच्या माणसांकडे पाहिलं, पदर खोचला आणि मला म्हणाली, ‘‘तू जरा बाजूला हो. माझा मी सांगते.’’